कार्ड सरकारचे, गोळी पदरची

लोकसभेच्या प्रश्नोत्तराच्या तासात आरोग्य खात्याची पाळी आली, की उत्तराचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीकडे पाहता त्यात चूक काही नाही. त्यानंतर येते परिशिष्ट. कोणत्या राज्यात आयुष्मान भारतची किती कार्डे वाटली, किती रुग्णालये संलग्न झाली, किती रुग्ण दाखल झाले आणि त्यापोटी किती कोटी रुपये चुकते झाले, याचे राज्यवार कोष्टक. सदस्य आपापल्या राज्याची ओळ शोधतात. सत्ताधारी बाकांना आकडा भरघोस वाटतो, विरोधी बाकांना अपुरा. दोन-तीन पुरवणी प्रश्न होतात आणि सभागृह पुढच्या खात्याकडे वळते. गरिबांना मिळणाऱ्या वैद्यकीय मदतीची संसदेतील चर्चा २०१८ पासून मुख्यतः या कोष्टकाभोवतीच फिरत राहिली आहे.

कोष्टक खोटे नाही, हे आधी मान्य करावयास हवे. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथून सुरू झालेल्या पंतप्रधान जन आरोग्य योजनेने १०.७४ कोटी कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची हमी दिली. २०२५ पर्यंत चाळीस कोटींहून अधिक कार्डे निघाली आणि आठ कोटींहून अधिक वेळा रुग्ण दाखल झाले. हृदयाची झडप बदलण्यासाठी ज्या घरात पूर्वी जमीन गहाण पडली असती, तेथे आज ती पडत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, ही सवलत मिळाली. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्या ओडिशा आणि दिल्ली या राज्यांनीही २०२५ मध्ये योजना स्वीकारली. एवढ्या मोठ्या देशात एवढ्या अल्पावधीत हे घडवून आणणे ही प्रशासकीय कामगिरीच होय.

प्रश्न वेगळाच आहे. गरीब माणूस आजारी पडतो तेव्हा तो पहिल्याच दिवशी रुग्णालयात दाखल होत नाही. आधी अंगावर काढतो. मग औषधाच्या दुकानात जाऊन ‘तापावरचे काहीतरी द्या’ म्हणतो. मग गल्लीतल्या डॉक्टरकडे सुई टोचून घेतो. मग तपासण्या, मग पुन्हा औषधे. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर ही वाट दर महिन्याला तुडवावी लागते, आयुष्यभर. या साऱ्या प्रवासात त्याच्या खिशातले कार्ड मुके असते. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी परतल्यानंतरचे पंधरा दिवस एवढीच त्याची रुग्णालयाबाहेरची मुदत. बाह्यरुग्ण उपचार योजनेत नाहीत. रक्तदाबाची रोजची गोळी कार्डावर मिळत नाही. ती न घेतल्यामुळे अर्धांगवायूचा झटका आला, की मात्र कार्ड बोलू लागते.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ साली देशात आरोग्यावर खर्च होणाऱ्या दर शंभर रुपयांपैकी ६४ रुपये रुग्णाच्या खिशातून जात होते. २०२१-२२ साली ते ३९ वर आले. ही घट मोजण्याच्या पद्धतीवर अर्थतज्ज्ञांत वाद आहे. तो बाजूला ठेवून सरकारी आकडाच धरला, तरी शंभरातले ३९ ही रक्कम लहान नव्हे, आणि तिचा मोठा वाटा औषधांचा व बाह्यरुग्ण उपचारांचा आहे. म्हणजे गरिबाचा खिसा जेथे रिकामा होतो तेथे योजना नाही, अशी ही मांडणी झाली.

आता या पानाच्या वाचकांशी थोडे मोकळेपणाने बोलण्यास हरकत नसावी. दिल्लीतील मराठी अधिकाऱ्यांपैकी बहुतेकांच्या पाकिटात सीजीएचएसचे कार्ड असते. केंद्र सरकारने आपल्या सेवकांसाठी ही योजना १९५४ साली याच शहरात सुरू केली. तिची रचना कोठून सुरू होते? वस्तीतल्या दवाखान्यातून. तेथे डॉक्टर असतो, औषधे विनामूल्य मिळतात, साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या नियमाने पदरात पडतात. तो डॉक्टर लागलेच तर तज्ज्ञाकडे धाडतो, तज्ज्ञ रुग्णालयाकडे. वेतनश्रेणीप्रमाणे दरमहा अडीचशे ते हजार रुपये वर्गणीत हे सारे मिळते. त्याआधीच, १९५२ साली, कानपूर आणि दिल्लीत सुरू झालेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेने कामगारांसाठी हीच पायरी धरली होती : आधी दवाखाना, मग रुग्णालय. या दोन्ही योजनांविषयी तक्रारी पुष्कळ आहेत. रांगा असतात, बाहेरून औषध आणावयास लागते, प्रतिपूर्तीची बिले रखडतात. तथापि वैद्यकीय संरक्षण कसे असावे हे या राज्यव्यवस्थेला सत्तर वर्षांपासून ठाऊक आहे, याची साक्ष या योजना देतात. स्वतःच्या नोकरांसाठी ती दवाखान्यापासून प्रारंभ करते. गरिबांसाठी मात्र तिने शस्त्रक्रियागृहापासून प्रारंभ केला.

असे का झाले, याचे उत्तर राजकारणात आहे. २००५ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा दिशा निराळी होती. हजार लोकवस्तीमागे एक ‘आशा’, उपकेंद्राला थोडा मुक्त निधी, रुग्णालयातील प्रसूतीसाठी रोख साहाय्य. छत्तीसगडच्या मितानिन योजनेचा अनुभव आणि गडचिरोलीत अभय व राणी बंग यांनी केलेले काम यांची छाया या कार्यक्रमावर स्पष्ट दिसते. गावातल्या प्रशिक्षित बाईने घरी जाऊन नवजात अर्भकाची देखभाल केली तर नवजात अर्भकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटतात, हे बंग यांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले; पुढे २०११ मध्ये ही पद्धत आशांच्या कामात देशभर सामील झाली. फळ दिसले. २००५-०६ मध्ये दवाखान्यात होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण ३८.७ टक्के होते, ते २०१९-२१ च्या पाहणीत ८८.६ टक्क्यांवर गेले. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीतला. यातले काहीही विम्याने झालेले नाही.

पण उपकेंद्रावर कोणाचे छायाचित्र शोभत नाही. कार्डावर शोभते. २००८ साली श्रम मंत्रालयाने राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आणली : तीस रुपये नोंदणी शुल्क, पाच जणांचे कुटुंब, वर्षाला तीस हजारांचे संरक्षण आणि एक चकचकीत स्मार्ट कार्ड. आंध्र प्रदेशात ‘आरोग्यश्री’ने निवडणुकीच्या राजकारणात आपले मोल त्याच सुमारास सिद्ध केले होते. महाराष्ट्रात २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पक्ष बदलले, नावे बदलली, रक्कम वाढत गेली. साचा मात्र तोच राहिला. या साच्याला विरोध करणारा आवाज सरकारच्याच घरातून उठला होता. नियोजन आयोगाने नेमलेल्या डॉ. के. श्रीनाथ रेड्डी समितीने २०११ साली स्पष्ट सांगितले, की विमा कंपन्यांच्या मार्गाने सर्वांना आरोग्यसेवा मिळणार नाही. आरोग्यखर्चाचा सुमारे सत्तर टक्के भाग प्राथमिक सेवेकडे वळवावा आणि औषधांवरील सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.१ टक्क्यावरून ०.५ टक्क्यांवर न्यावा. अहवालाचे कौतुक सर्वांनी केले. आपल्याकडे अहवालांच्या वाट्याला एवढे तरी येतेच. १९४६ च्या भोर समितीपासून ती परंपरा आहे.

दवाखान्याचा पाया नसताना रुग्णालयाचे कार्ड वाटल्याने काय होते, याचा एक दाखला फार कटू आहे. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थान या राज्यांत २०१२-१३ च्या सुमारास असे उघड झाले, की खासगी रुग्णालयांनी गरीब स्त्रियांची गर्भाशये गरज नसताना काढून टाकली. बिहार आणि छत्तीसगडात विमा कार्डावरची रक्कम हे त्यामागचे एक मोठे आमिष होते. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात दहा वर्षे चालले आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना तीन महिन्यांत मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्याचा आदेश दिला. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांचे प्रकरण याच जातीचे, जरी तेथे पैसा बहुतांशी विम्याचा नसून उचलीतून आणि कर्जातून आलेला होता. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीचा त्रास, असल्या तक्रारींसाठी ज्या बाईला वेळेवर विश्वासाचा डॉक्टर आणि आठवड्याच्या गोळ्या मिळत नाहीत, तिच्यापुढे शस्त्रक्रिया हाच पहिला आणि शेवटचा उपचार म्हणून ठेवला जातो.

गैरव्यवहाराकडे मात्र सभागृहाचे लक्ष चटकन जाते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये महालेखापरीक्षकांचा जन आरोग्य योजनेवरील अहवाल पटलावर आला आणि साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच भ्रमणध्वनी क्रमांकावर नोंदले गेल्याची बातमी झाली. लाभार्थ्याची ओळख पटविण्यासाठी तो क्रमांक आवश्यक नव्हता, असा खुलासा सरकारने केला. दोन दिवस गदारोळ झाला. लाभार्थ्याला दारात औषध मिळते काय, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात कोणाच्या तोंडी नव्हता. तो लेखापरीक्षणाचा विषयही नव्हता म्हणा.

औषध गावापर्यंत पोहोचविणे अवघड आहे, असे दिल्लीत वारंवार ऐकू येते. ते खरे नाही. निदान दोन राज्यांनी ते करून दाखविले. तामिळनाडूने १९९४ साली वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले आणि १९९५ च्या जानेवारीपासून ते कामाला लागले. त्यामागे होते तत्कालीन आरोग्य सचिव आर. पूर्णलिंगम. पद्धत साधी, पण चोख. आवश्यक औषधांची मर्यादित यादी करावयाची. ती व्यापारी नावाने नव्हे, मूळ रासायनिक नावाने खरेदी करावयाची. निविदेत आधी उत्पादकाची पात्रता, मगच दर उघडावयाचा. आलेला प्रत्येक घाणा प्रयोगशाळेत तपासूनच पुढे सोडावयाचा. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभारावयाची. आणि यातला सर्वांत हुशारीचा भाग पासबुकाचा. प्रत्येक दवाखान्याला वर्षाच्या रकमेचे पासबुक मिळते. डॉक्टरने गोदामात जावे, हवे ते औषध उचलावे, तेवढी रक्कम वजा व्हावी. मंत्रालयाने नागीण गावच्या दवाखान्यावर खोकल्याचे औषध लादायचे आणि तेथे सापाची लस नसायची, हा प्रकार त्यामुळे संपतो. मागणी वरून ठरत नाही, खालून येते.

राजस्थानने हाच धडा घेऊन २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषधे देण्यास आरंभ केला. चित्तोडगडचे जिल्हाधिकारी असताना समित शर्मा यांनी स्वस्त जेनेरिक औषधांचा जो प्रयोग केला, तो या योजनेच्या मुळाशी होता. राज्य श्रीमंत नव्हते, यंत्रणा आदर्श नव्हती. खुद्द दिल्लीनेही १९९४ साली डॉ. रणजित रॉय चौधरी यांच्या मार्गदर्शनाखाली आवश्यक औषधांची यादी आणि एकत्रित खरेदी सुरू केली होती, याची आठवण आज राजधानीत किती जणांना आहे, कोण जाणे.

महाराष्ट्राकडे वळले की मराठी माणसाला थोडे ओशाळल्यासारखे होते. ज्या राज्याने गडचिरोलीचा प्रयोग देशाला दिला, त्या राज्याची औषधखरेदी मात्र सतत हेलकावे खात राहिली. २०१७ मध्ये ती हाफकिनकडे सोपविली गेली; तक्रारींचा डोंगर साचल्यावर २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार पूर्णतः विनामूल्य करण्यात आले. निर्णय उत्तम. दीड महिन्याने नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले. हे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे. औषधटंचाईचा आरोप झाला, प्रशासनाने तो नाकारला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आरोप सिद्ध होवो न होवो, एवढे खरे, की मोफत हा शब्द शासननिर्णयात लिहिण्यास एक दिवस पुरतो आणि गोदाम उभे करण्यास काही वर्षे लागतात.

केंद्राने २०१८ मध्ये आयुष्मान भारतचा दुसरा अर्धा भागही मांडला होता, हे सांगणे न्यायाचे ठरेल. दीड लाख उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांचे रूपांतर करावयाचे, तेथे रक्तदाब-मधुमेहाची तपासणी आणि औषधे द्यावयाची. पहिले असे केंद्र छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातील जांगला येथे १४ एप्रिल २०१८ रोजी उघडले. दीड लाखांचे उद्दिष्ट २०२२ च्या अखेरीस गाठल्याचे सरकारने जाहीर केले आणि पुढे या केंद्रांना आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव दिले. उपकेंद्र पातळीवर १०५ औषधे, प्राथमिक केंद्रात १७२ औषधे अशी यादी आहे. कल्पना अचूक आहे. सीजीएचएसच्या दवाखान्याची ती ग्रामीण आवृत्तीच म्हणावी. मग पैशाकडे पाहू. ही केंद्रे ज्या राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या आधारावर मुख्यतः चालतात, त्याची तरतूद २०२१-२२ च्या अंदाजपत्रकात सुमारे ३६,५७७ कोटी होती. २०२५-२६ मध्ये ती ३७,२२७ कोटी झाली. चार वर्षांत दोन टक्क्यांहूनही कमी वाढ. महागाई वजा केली तर घटच. याच काळात कार्डाची तरतूद ६,४०० कोटींवरून ९,४०६ कोटींवर गेली, म्हणजे जवळपास दीडपट. रक्कम आजही अभियानाची मोठी आहे, पण ओढा कोणीकडे आहे ते दिसून येते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे आणि त्यातला दोन तृतीयांश भाग प्राथमिक सेवेला देण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता.

स्थलांतरितांच्या बाबतीत ही विसंगती अधिकच बोचते. सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातले गलाई कारागीर देशभरातल्या सराफ बाजारांत सोने-चांदी गाळण्याचे काम करतात. दिल्लीतही त्यांची दुकाने आहेत. आम्लाच्या वाफेत दिवस जातो. दुकानात दहा माणसेही नसतात, त्यामुळे कर्मचारी विम्याचा कायदा लागू होत नाही. शिधापत्रिका गावाकडची, आशा गावाकडची. जन आरोग्य योजनेचे कार्ड असलेच तर ते दिल्लीतही चालते, ही तिची मोठी जमेची बाजू. मात्र महिनाभर न हटणाऱ्या खोकल्यासाठी ते निरुपयोगी. त्यासाठी गल्लीतला डॉक्टर, आणि काम फारच वाढले तर अन्सारी नगरातली ‘एम्स’ची रांग. त्या परिसरातल्या पदपथांवर रात्री पथाऱ्या पसरून पडलेली माणसे पाहिली, की बिहार आणि उत्तर प्रदेशातल्या न चालणाऱ्या प्राथमिक केंद्रांचा नकाशाच समोर उलगडतो. त्यांच्यातील अनेकांचा आजार दिल्लीपर्यंत येण्याजोगा नव्हता. तो तसा होऊ दिला गेला.

१९९२ साली बंगालमध्ये गाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला सरकारी रुग्णालयांनी एकामागून एक परत पाठविले होते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला पंचवीस हजार रुपये भरपाई देवविली आणि तातडीचे उपचार हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरविला. दिल्लीत स्वस्तात जमीन घेतलेल्या खासगी रुग्णालयांनी दहा टक्के खाटा आणि पंचवीस टक्के बाह्यरुग्ण सेवा गरिबांना मोफत द्यावी, हेही २००७ मध्ये उच्च न्यायालयाने बजावले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केले. न्यायालये आपल्यापरीने करतात. पण गोळ्यांचा साठा हा न्यायालयाचा विषय होऊ शकत नाही. तो अंदाजपत्रकाचा आणि देखरेखीचा विषय आहे, म्हणजेच संसदेचा आणि विधानसभांचा. अनुदानाच्या मागण्यांवर मात्र दरवर्षी मोजक्याच खात्यांची चर्चा होते. बाकीच्या सायंकाळी गिलोटीनखाली एकगठ्ठा मंजूर होतात.

साठ्याची माहिती आता गुप्त राहिलेली नाही. अनेक राज्यांत औषधसाठ्याची नोंद सी-डॅकने तयार केलेल्या संगणक प्रणालीवर होते. कोणत्या गोदामात कोणते औषध किती शिल्लक आहे ते तीवर दिसते. लोकसभेत दररोज वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित प्रश्न घेतले जातात व त्यासाठी पंधरा दिवसांची पूर्वसूचना लागते. रक्तदाबाची, मधुमेहाची आणि अपस्माराची औषधे गेल्या वर्षात कोणत्या जिल्ह्यातल्या किती उपकेंद्रांत किती दिवस नव्हती, असा एक अतारांकित प्रश्न महाराष्ट्राच्या अठ्ठेचाळीस सदस्यांपैकी कोणीही टाकू शकतो. उत्तराचे पहिले वाक्य कोणते असेल ते आपल्याला ठाऊक आहे. परिशिष्ट मात्र या वेळी निराळे असेल.